बियाण्याबरोबर आलेले शत्रू

श्रोतेहो, मृगाच्या आधी चार-सहा दिवस आमचे आजोबा ओसरीत एक जुने मडके पुढ्यात घेऊन बसत. मडक्यात ज्वारीचे बियाणे असे. कोनाड्यातली पिवळ्या भुकटीची पुडी काढून ते ती बियाण्यावर टाकीत, मडक्याच्या तोंडाला फडके बांधीत आणि आम्हा नातवंडांपैकी एकाला म्हणत, "हालव रे." मडके पुष्कळ वेळ हालवावे लागे. एकाचे हात दुखून आले की दुसऱ्याची पाळी. ती भुकटी म्हणजे गंधक. हे कशासाठी, असे विचारले की उत्तर ठरलेले, "काणी येऊ नये म्हणून." काणी म्हणजे नेमके काय, आणि ती गंधकाला का भिते, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. त्यांच्या वडिलांना शेतकी खात्याच्या माणसाने पुडी दिली आणि तेव्हापासून घरात ही चाल पडली, एवढेच त्यांना ठाऊक होते.

मी कॉलेजात इतिहास शिकवतो. शेतीशास्त्राची पदवी माझ्यापाशी नाही. पण तापीकाठच्या शेतकऱ्याच्या घरात जन्मलो, त्यामुळे इतिहास वाचताना नजर आपसूक शेताकडे वळते. आपल्या खानदेशाचा इतिहास म्हटला की फारुकी सुलतान, थाळनेरचा किल्ला, भिल्लांचे उठाव हे सारे पुस्तकात येते आणि ते यायलाच हवे. पण आपल्या घरातली ज्वारी, कपाशी आणि केळी शंभर-दीडशे वर्षांत कोणी कोणी लुटली, ते लुटारू कुठून आले आणि त्यांना वाट कोणी दाखवली, ही हकीकत फारशी कुठे एकत्र सांगितलेली आढळत नाही. आज थोडी सांगावी म्हणतो.

टोळधाड सगळ्यांना माहीत असते. मुंबई इलाख्यात १९०१ ते १९०८ या काळात टोळांनी मोठा उच्छाद मांडला होता. तिच्या आधीच्या धाडी १८३५ पासून नोंदलेल्या आहेत. टोळ आला की तो दिसतो, त्याचा आवाज होतो, सूर्य झाकला जातो, आणि गावच्या गाव पत्र्याचे डबे बडवीत शेतात धावते. त्याच्यावर कोणी गैरसमजाने दुसऱ्याचा आळ घेत नाही. मी आज ज्यांच्याविषयी बोलणार आहे ते शत्रू असे उघड्यावरून येत नाहीत. ते आपल्याच बियाण्याच्या पोत्यात, कंदाच्या गाडीत बसून येतात. आपण त्यांचे भाडे भरतो, त्यांना सावलीला ठेवतो आणि मुहूर्त पाहून स्वतःच्या हाताने मातीत सोडतो. दोन-तीन महिन्यांनी ते प्रकट होतात तेव्हा आपण म्हणतो, यंदा हवा वाईट होती.

आता आजोबांच्या मडक्याकडे येतो. काणी पडलेले कणीस ज्यांनी पाहिले असेल त्यांना वर्णन नको. बाकीच्यांसाठी सांगतो. कणसात दाण्याच्या जागी दाण्याहून किंचित मोठी, मळकट पांढरी, टोकदार पिशवी दिसते. ती बोटांत चिरडली की आतून काळी भुकटी उडते. ही दाणेकाणी. त्या भुकटीचा एकेक कण म्हणजे बुरशीचे एकेक बीज. खळ्यात निरोगी आणि काणीची कणसे एकत्र मळली गेली की ही भुकटी चांगल्या दाण्यांना बाहेरून चिकटते. डोळ्यांना दाणा स्वच्छच दिसतो. पेरल्यावर दाण्याला कोंब फुटतो त्याच वेळी बुरशीलाही फुटतो. ती कोंबात शिरते आणि ताटाबरोबर मुकाट्याने वाढत जाते. ताट हिरवेगार, उंच, शेजाऱ्याने हेवा करावा असे. कणीस निसवते तेव्हाच चोरी उघडी पडते, आणि तेव्हा जगातले कोणतेही औषध उपयोगाचे नसते.

ही गोष्ट ताडून पाहायला माणसाला शेकडो वर्षे लागली. गव्हाच्या काणीवर फ्रान्समध्ये माँतोबान या गावी बेनेदिक्त प्रेव्हो नावाच्या एका शिक्षकाने सूक्ष्मदर्शकाखाली तासन् तास घालवले. काळ्या भुकटीचे कण पाण्यात रुजतात हे त्याने डोळ्यांनी पाहिले. तांब्याच्या भांड्यातल्या पाण्यात मात्र ते रुजेनात. यावरून त्याने काणीचे कारणही सांगितले आणि मोरचुदाचा उपायही. हे १८०७ साली छापले गेले. त्या काळच्या विद्वानांनी ते फारसे मनावर घेतले नाही. आमच्या गुरुजनवर्गाने हे नाव लक्षात ठेवायला हरकत नाही. मोठी प्रयोगशाळा हाताशी नसलेल्या एका मास्तराने केलेले हे काम आहे.

आपल्याकडे मुंबई इलाख्यात ज्वारीच्या काण्यांचा नीट अभ्यास जी. एस. कुलकर्णी यांनी केला; विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांतले ते काम. काणी एक नाही, चार आहेत, हे ओळखणे त्यात महत्त्वाचे होते. दाणेकाणी सांगितलीच. मोकळी काणी तिची चुलत बहीण; तिची पिशवी लवकर फुटते आणि भुकटी वाऱ्यावर उडून मागे नुसती काडी राहते. झिपरी काणीत अख्खे कणीसच एका पिशवीत गुंडाळल्यासारखे होते आणि पिशवी फाटल्यावर केसांच्या झिपऱ्या लोंबाव्यात तसे धागे राहतात. लांब काणीत कणसातले थोडेच दाणे शिंगासारखे लांबतात. आता यात मेख अशी की पहिल्या दोन काण्या बियाण्याला चिकटून येतात, म्हणून बियाण्याला गंधक चोळले की थांबतात. झिपरी जमिनीतून येते आणि लांब काणी वाऱ्यावरून. त्यांना बियाण्याचे गंधक काय करणार? एखादा शेतकरी म्हणतो, "मी गंधक लावले होते, तरी काणी आली," तेव्हा त्याला खोटे पाडण्याआधी कणीस हातात घेऊन पाहावे. तोही खरा असतो आणि गंधकही खरे असते.

आधी मोरचुदाच्या पाण्यात बियाणे भिजवायची रीत होती. तिच्यात भिजलेले बियाणे वाळवायचे लचांड, आणि पाऊस लांबला तर उगवण बिघडायची. कोरडे गंधक चोळणे सोपे, स्वस्त, आणि लेकरांच्या हातून होण्यासारखे. म्हणून ते घरोघर गेले. प्रमाण आजही तेच सांगतात, एक किलो बियाण्याला ३०० मेशचे बारीक गंधक ४ ग्रॅम. मला वाटते, सरकारी खात्याचा सल्ला कोणत्याही सक्तीवाचून घरातली रूढी बनला, अशी उदाहरणे फार थोडी असतील. त्यांतले हे एक.

धुळे जिल्ह्यातल्या, विशेषतः साक्री-शिंदखेड्याकडच्या श्रोत्यांना बाजरीविषयी दोन शब्द सांगितलेच पाहिजेत. बाजरी फुलोऱ्यात असताना ढगाळ, दमट हवा पडली की कणसावर मधासारखे चिकट थेंब दिसतात आणि पुढे दाण्याच्या जागी काळपट, कडक, वेडेवाकडे खडे तयार होतात. हा अरगट. काणीने नुसते पीक जाते. अरगट पोटात गेला तर माणूस आजारी पडतो. १९५६-५७ च्या सुमारास त्या वेळच्या मुंबई राज्याच्या दक्षिण भागात अशी बाजरी खाऊन लोकांना मळमळ, ओकाऱ्या, घेरी आणि गुंगी यांनी पछाडले होते, आणि डॉक्टरांनी त्याची साथ म्हणून नोंद केली. उपाय घरातला आहे. १० लिटर पाण्यात २ किलो मीठ विरघळवावे आणि त्यात बियाणे ओतून ढवळावे. अरगटाचे खडे आणि पोचट दाणे वर तरंगतात. ते काढून जाळून टाकावे. तळाचे बियाणे साध्या पाण्याने दोन-तीनदा धुवावे, सावलीत वाळवावे. तरंगलेले दाणे कोंबड्यांना घालू नयेत, हे मुद्दाम सांगतो, कारण काटकसरी माणसाच्या मनात ते आधी येते.

आता कपाशी. खानदेशाच्या सुखदुःखाचा मोठा भाग हिच्याशी बांधलेला आहे, म्हणून इथे थोडे थांबू.

१८४० च्या आसपास कंपनी सरकारला एकच ध्यास लागला होता. हिंदुस्थानात अमेरिकन कपाशी रुजवायची आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना लांब धाग्याची रुई पुरवायची. त्यासाठी अमेरिकेतून जाणते मळेवाले आणले, सरकारी कापूस-मळे काढले. त्यातला एक मळा भडोचला होता, म्हणजे आपल्या तापी-नर्मदेच्या उताराच्या टोकाला. १८४२ साली तिथल्या अधीक्षकाच्या लक्षात आले की अमेरिकन कपाशीच्या बोंडात एक अळी शिरते आणि सरकीच खाऊन टाकते. त्याने ते किडे विलायतेला धाडले. सॉन्डर्स नावाच्या कीटकशास्त्रज्ञाने १८४३ मध्ये त्यांचे वर्णन करून त्यांना शास्त्रीय नाव दिले. श्रोतेहो, हीच ती शेंदरी बोंडअळी, जिला आता आपण गुलाबी बोंडअळी म्हणतो. जगाच्या दफ्तरात तिची पहिली नोंद आपल्या शेजारच्या भडोचची आहे.

पुढे १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस बंद पडला आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच दशकात रेल्वे खानदेशात पोचली. पुढच्या काळात जळगाव, धुळे, अमळनेर या गावांत जीन आणि प्रेस उभे राहिले. रुईच्या गाठी मुंबईहून जगभर जाऊ लागल्या. आणि गाठींबरोबर, जिनात नीट न निघालेल्या सरकीत झोपून, ही अळीही जाऊ लागली. १९०६-०७ च्या सुमारास हिंदुस्थानातून गेलेल्या अशा कापसाबरोबर ती इजिप्तमध्ये पोचली, असा तिथल्या तज्ज्ञांचा निष्कर्ष आहे. इजिप्तच्या सरकीतून १९११ मध्ये ती मेक्सिकोत गेली. १९१७ मध्ये अमेरिकेच्या टेक्सासमध्ये सापडली. तिथल्या सरकारने पुढच्या वर्षी काही पट्ट्यांत कपाशी लावायलाच बंदी केली. ज्या अमेरिकेची कपाशी आपल्याकडे आणली होती, त्या अमेरिकेला आपल्याकडची अळी अशी फिरून गेली.

एवढ्याशा किड्याला हा प्रवास जमला कसा? त्याचे उत्तर तिच्या झोपेत आहे. हंगामाच्या शेवटी जन्मलेली अळी लगेच कोष करीत नाही. ती दोन सरक्या रेशमासारख्या धाग्याने एकमेकींना चिकटवते, आतले पीठ खाते आणि त्या जोडसरकीच्या पोकळीत कित्येक महिने निजून राहते. बाहेरून दोन सरक्या चिकटलेल्या दिसतात, एवढेच. पाऊस पडला, कपाशीला पाते लागले, की ती पतंग होऊन बाहेर येते. म्हणून पेरणीआधी सरकी मे महिन्याच्या रखरखीत उन्हात पातळ पसरायची, किंवा यंत्रात ठरावीक उष्णतेपर्यंत तापवायची, असे उपाय त्या काळात निघाले. इजिप्तने तर सरकी तापवण्याचा कायदा केला. उत्तर हिंदुस्थानात उन्हाच्या उपायावर भर दिला गेला. आपल्या खानदेशात मे महिन्यात जे ऊन पडते त्याचा हा एक तरी सदुपयोग!

आपल्याकडे १९१४ साली पिकांचे रोग व किडी यांची आयात रोखण्यासाठी कायदा झाला. पुढे अमेरिकेतून येणाऱ्या रुईला मुंबई बंदरात विषारी वायूची धुरी दिल्याशिवाय आत सोडीत नसत, कारण तिकडचा बोंडातला सोंड्या किडा इकडे येईल ही भीती होती. तो आजवर आलेला नाही, याचे श्रेय त्या पहाऱ्याला दिले पाहिजे. पुढच्या दाराला कुलूप होते; घरातली अळी मात्र मागच्या दाराने केव्हाच जग फिरून आली होती.

कपाशीचा आणखी एक जुना वैरी मर रोग. तो जमिनीत राहतो, त्याला सरकी तापवून उपाय नव्हता. त्यासाठी रोग सोसणाऱ्या जाती निवडाव्या लागल्या. खानदेशासाठी काढलेल्या 'जरिला' या देशी जातीचे नाव जुन्या माणसांच्या तोंडून कोणी ऐकलेही असेल. पण तो वेगळा विषय आहे, अळीकडे परत येतो.

२००२ साली बीटी कपाशीला सरकारची परवानगी मिळाली आणि २००६ मध्ये तिची दोन जनुकांची सुधारलेली आवृत्ती आली. झाडातच अळीला मारणारे प्रथिन, तेव्हा फवारण्या घटल्या. ते दिवस खोटे नव्हते. आमच्या घरीही पैसा आला. बोंडअळी इतिहासजमा झाली असे लोक बोलू लागले, आणि इतिहासाच्या मास्तराला इथेच शंका यायला हवी होती. पण मलाही आली नाही. गुजरातमध्ये शेंदरी अळी पहिल्या पिढीच्या बीटीला दाद देत नाही, हे २०१० मध्ये जाहीर झाले. दुसऱ्या पिढीच्या वाणालाही ती पाचसहा वर्षांत पुरून उरली. २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रभर तिने हाहाकार केला. आमच्या धाकट्या भावाच्या शेतात बोंडे बाहेरून नारळासारखी गुळगुळीत होती. त्याने एक फोडून माझ्या हातात दिले. आत कापसाच्या जागी पिवळट, चिकट, गाठ झालेली कवडी, आणि तिच्यात गुलाबी अळी. "फवारलं ना रे?" मी विचारले. "चार वेळा," तो म्हणाला. चारही वेळा उशीर झाला होता. अळी बोंडात शिरल्यावर वरचे विष तिला लागत नाही.

याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि मजूर दगावले. कीड ओळखण्यात चूक झाली तर त्याची किंमत नुसत्या पिकात मोजता येत नाही, म्हणून हे सांगितले.

तेव्हा ओळख कशी करायची? हिरव्या, म्हणजे अमेरिकन बोंडअळीचे भोक मोठे असते आणि तिचे निम्मे अंग बाहेर दिसते. ठिपक्यांची अळी आधी शेंड्यात शिरते, शेंडा सुकतो. शेंदरी अळी लाजरी. तिची पहिली खूण फुलात मिळते: पाकळ्या उमलत नाहीत, धाग्याने शिवल्यासारख्या मिटून राहतात, आणि फूल बंद गुलाबकळीसारखे दिसते. याला आपण डोमकळी म्हणतो. डोमकळी दिसली की ती तोडून अळीसकट नष्ट करावी. एकरी दोन कामगंध सापळे लावावेत आणि त्यातले पतंग रोज मोजावेत. सलग तीन दिवस सापळ्यामागे आठ किंवा जास्त पतंग आले तर सावध व्हावे. आणि सगळ्यांत खात्रीचे म्हणजे, शेतात फिरून वेगवेगळ्या झाडांची वीस हिरवी बोंडे तोडून फोडावीत. त्यांत दोन किडकी निघाली तर औषधाची वेळ झाली. कोणते औषध, ते कृषी सहायकाला विचारून, दुकानदाराला नव्हे. गुरुजींना सुचवतो, वीस बोंडांचा हा हिशेब सातवीच्या मुलांकडून करून घ्या. टक्केवारीचे त्याहून चांगले उदाहरण पुस्तकात नाही.

आता अवघड बोलतो. अळीच्या झोपेची दोन ठिकाणे आहेत: शेतात उभी राहिलेली पऱ्हाटी आणि जिनातली सरकी. डिसेंबरनंतर पाणी देऊन फरदड घेतली की अळीला उन्हाळ्यापर्यंत अन्न मिळते. उलट मे महिन्यात पूर्वहंगामी कपाशी लावली की झोपेतून उठलेल्या पहिल्या पतंगांना पाते तयार मिळते. म्हणून अलीकडच्या वर्षांत कपाशीचे बियाणे १ जूनच्या आधी विकू द्यायचे नाही, असे धोरण सरकारने ठेवले. आमच्या जळगावकडच्या बागायतदारांना ते जाचक वाटते; विहिरीला पाणी असताना हात बांधून बसायचे, ही त्यांची तक्रार मी घरातच ऐकतो. तक्रारीत तथ्य आहे. लवकर लावलेल्या कपाशीचे उत्पन्न चांगले येते. पण ज्याच्याकडे विहीर नाही त्या कोरडवाहू शेजाऱ्याच्या शेतात पुढे काय जाते, हेही त्याच तोंडाने बोलले पाहिजे. माझे मत विचाराल तर मी नियमाच्या बाजूचा आहे, आणि माझा भाऊ नाही.

केळीचे मात्र माझ्याच अंगाशी आले, म्हणून ते कबूल करून टाकतो. नोकरीला लागून थोडी वर्षे झाली होती. दुसऱ्या तालुक्यातल्या मामांच्या बागेत मी भला मोठा घड पाहिला आणि त्यांच्याकडून तीसेक कंद मागून आणले. आबांनी आमच्या बागेच्या कडेला ते लावले. पावसाळ्यात, श्रावणातल्या ढगाळ झडीत, त्यातल्या काही झाडांच्या कोवळ्या पानांवर शिरांना धरून पिवळे पट्टे उमटले. पुढची पाने अरुंद आणि वेडीवाकडी निघाली, काहींचा पोंगा आतून सडला. आबा वाफ्यात उभे राहून म्हणाले, "हाई काय शे?" मग शेजारच्या जाणत्या माणसाला बोलावले. तो लांबूनच म्हणाला, "हरण्या." हरणाच्या अंगासारखे पट्टे, म्हणून त्याला वाटते हे नाव. संध्याकाळपर्यंत तीसही झाडे आणि आमची जवळची शंभरेक झाडे उपटून खड्ड्यात पुरली. रात्री जेवताना आबांनी एकच विचारले, "कंद काढला त्या झाडाची पानं पाहिली होती का?" मी घड पाहिला होता.

हा रोग विषाणूचा. १९५१ मध्ये एम. एन. कामत आणि एम. के. पटेल यांनी मुंबई राज्यातल्या केळीवर त्याची नोंद केली. काकडीवरच्या केवड्याचा हा विषाणू. म्हणून त्याचे शास्त्रीय नावही काकडीवरून पडले आहे. रोगट झाडाचा कंद लावला की रोग येतो, आणि तिथून पुढे मावा तो शेजारच्या झाडावर नेतो. केळीच्या ओळींत काकडी, भोपळा, टोमॅटो, मिरची लावली की मावा आणि विषाणू दोघांचीही सोय होते. रोग पसरू नये म्हणून महाराष्ट्र व गुजरातमधून केळीचे कंद बाहेर न्यायला सरकारने बंदी घातली. शेतकऱ्यांच्या बोलण्यात ही बंदी मी कधी ऐकली नाही. एकदा झाडात विषाणू शिरला की त्याला औषध नाही. २०२० नंतरच्या काही पावसाळ्यांत रावेर-यावलकडे शेतकऱ्यांना हजारो झाडे उपटावी लागली, तेव्हा पुष्कळांनी आधी महागड्या फवारण्यांवर खर्च केला होता.

उपटणे जिवावर येते. समोर उभे झाड असते. ऑस्ट्रेलियातही तेच झाले होते. तिथे केळीवर 'पर्णगुच्छ' रोग आला. १९२० च्या दशकात बागा ओस पडल्या. कोणी जमिनीला दोष देई, कोणी खताला. मॅगी नावाच्या तरुण शास्त्रज्ञाने दाखवले की दोषी आहे केळीवरचा मावा आणि रोगट कंद. मग कायदा झाला, निरीक्षक बागोबाग फिरले, रोगी झाड दिसले की मालकाने ते नष्ट करायचेच. केळीचा धंदा सावरला. एकट्या चांगल्या बागायतदाराने ते होणारे नव्हते, कारण मावा बांध मानत नाही. हाच पर्णगुच्छ १९४० मध्ये श्रीलंकेतून केरळात आला.

आता पुष्कळ जण उतिसंवर्धित रोपे लावतात. कंदापेक्षा ती बरीच. सूत्रकृमी, सोंड्या त्यातून येत नाही. पण मातृझाडच विषाणूग्रस्त असेल तर प्रयोगशाळेच्या काचेच्या बाटलीतूनही विषाणू सुखाने येतो. म्हणून २००६ पासून अशा रोपांसाठी प्रमाणपत्राची राष्ट्रीय पद्धत सुरू झाली आहे. रोपे घेताना ते प्रमाणपत्र मागावे. विक्रेता कुरकुरला तर कुरकुरू द्यावे.

आणखी एक पाहुणा दारात आहे. मध्य अमेरिकेत पन्नास-साठ वर्षे जगाला केळी पुरवणारी ग्रो मिशेल ही जात मर रोगाने १९५० च्या दशकात बुडाली, आणि तिच्या जागी आपल्या बसराईच्या घराण्यातली कॅव्हेंडिश जात आली, कारण तिला तो रोग होत नव्हता. आता त्या बुरशीचा नवा प्रकार कॅव्हेंडिशलाही मारतो. तो आशियात पसरला. आपल्या देशात बिहार, उत्तर प्रदेश आणि आमच्या रावेरला लागून असलेल्या बऱ्हाणपूर भागातही सापडला आहे. बाहेरची खालची पाने कडेपासून पिवळी पडून बुंध्याभोवती लोंबतात, खोड चिरले तर आत तांबूस-तपकिरी रेषा दिसतात. तो कंदातून येतो, आणि बुटाला, कुदळीला, ट्रॅक्टरच्या चाकाला लागलेल्या ओल्या मातीतूनही येतो. जमिनीत शिरला की वर्षानुवर्षे राहतो.

आमच्या भावाने यंदा बागेच्या तोंडाशी पाण्याची एक टाकी आणि ब्रश ठेवला आहे. केळी कापायला येणाऱ्या टोळीचे विळे-कोयते तिथे धुतले जातात, बुटांची माती निघते, आणि बाहेरची कुदळ आत येत नाही. पहिल्या दिवशी मजूर हसले. टोळीच्या मुकादमाने विचारले, "काय भाऊ, देऊळ आहे का हे?" भावाने त्याला खोड चिरून आतल्या रेषा कशा दिसतात, त्याचे मोबाईलमधले चित्र दाखवले. मुकादम बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, असे खोड त्याने चार दिवसांपूर्वी पलीकडच्या एका बागेत कापले होते.